मोरीतलं जातं

मे १९७२, मंगळवार, संध्याकाळ

वादळाला चार दिवस झाले. गांधीबागेत वीज आली म्हणे, आमच्या गल्लीत नाही. चक्की बंद. घरात ज्वारी आहे, पण पीठ संपलं. सासूबाईंना साखरेमुळे भात बंद, दोन दिवस नुसतं वरण पिताहेत.

त्यांचं माहेरचं जातं होतं. गल्लीत चक्की आली तशी यांनी ते पाय धुवायला मोरीत टाकलं. मी तेव्हा गप्प का बसले? दळण सुटलं म्हणून मलाही बरंच वाटलं ना!

आज हे त्याच जात्यावर उभं राहून पाय धूत ओरडले, "आईले भाकर काहून नाही?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गा, मले भूक नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भाकर तुमच्या पायाखाली आहे. उतरा!"