शिक्क्यावर कोरलेलं नाव

मंगळवार, संध्याकाळ

आईचे चांदीचं पाणी चढवलेले जुने काटे-चमचे आज माझगावच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नेले. आई गेल्यावर दादा म्हणाला होता, "तूच केलंस तिचं सगळं, हे तुला ठेव." मोठे उपकार केल्यासारखं. म्हटलं, निदान कुणी घडवलेत ते तरी कळू दे.

दुकानदाराने भिंग लावलं. दांड्यावरची वेलबुट्टी विलायती आहे म्हणाला, पण कारखाना ओळखायला मागचा शिक्का हवा. शिक्का कुठला डोंबल! नेमकं त्याच्यावरच नाव घातलंय. 'चि. सुहास, मुंजीनिमित्त.' दादाच्या मुंजीत आईने भांडीवाल्याकडून प्रत्येक चमच्यावर कोरून घेतलं होतं.

"हा सुहास कोण?" त्याने विचारलं.

"भाऊ," म्हटलं.

माझं नाव घरातल्या एका वाटीवरही नाही. मुलीचं नाव भांड्यांवर पडतं ते लग्नात, आणि माझं लग्न झालंच नाही. आईला हे कधी खटकलंही नसेल?

शेवटचे महिने तिला पेज मीच भरवली, यातल्याच एका चमच्याने. प्रत्येक घासाला ते नाव माझ्या बोटाला लागायचं.