आठ नंबरचे बूट आणि सव्वीस किलोमीटर

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५
उद्या चालायचं. शेवटच्या मुक्कामापासून जुन्या शहराच्या वेशीपर्यंत सव्वीस किलोमीटर. बाकीचे यात्रेकरू अकरा दिवस चालत इथवर आलेत. मी आज बसने आलो. सार तेवढं उचलावं, चोथ्यात वेळ घालवू नये, हा माझा तीस वर्षांचा धंद्यातला स्वभाव.

पैज लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मुलीला शब्द फिरवता येणार नाही. चार वर्षं ती माझ्या बुटांच्या दुकानात आहे आणि तिचं एकच टुमणं: बाबा, चावणारा बूट परत घ्यायचा नियम करू या. मी म्हटलं, आपला बूट चावत नाही, गिऱ्हाइकाचा पाय आडमुठा असतो. ती म्हणाली, मग तुम्हीच घालून दाखवा. ठरलं असं: खोक्यातून काढलेला कोरा जोड पायात घालून मी सव्वीस किलोमीटर चालणार, वाटेतल्या तीन चौक्यांवर शिक्के घेणार आणि संध्याकाळी सहाच्या आत वेशीवरच्या कचेरीत चौथा. जमलं, तर परतीचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर एक तारखेपासून गल्ल्यावर ती. मालक ती.

साक्षीदार म्हणून ती बरोबर चालणार आहे. पोरीची कीव येते.

संकल्प: ताशी सहा किलोमीटर. कुठेही बसायचं नाही. कुणाला फुकट सल्ला द्यायचा नाही. दुपारी एकला शहरात.

१० फेब्रुवारी, पहाटे ५.२०
बूट चढवले. आठ नंबर. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून आठ नंबर. मुलगी म्हणाली, एकदा मोजून तरी बघा. मी म्हटलं, डॉक्टर काय रोज स्वतःची नाडी बघतो?

किंचित घट्ट आहेत. चामडं आहे, दोन दिवसांत सैल होतं. हे मी रोज वीस जणांना सांगतो. आपल्याकडे एकच दिवस आहे, पण चालणं दुप्पट. जुळतंय.

६.०५
साडेतीन किलोमीटर. हा वेग जवळपास ताशी सहाच म्हणायचा.

माझे कान तिखट. नुसत्या पावलाच्या आवाजावरून मी नंबर सांगतो, टाच कुठल्या बाजूने झिजलीय तेही सांगतो. मागून फटक-फटक आवाज आला. सहा नंबर, रबरी सपाता, डावा पट्टा तारेने बांधलेला. वळून पाहिलं. तंतोतंत! सपाता घालणाऱ्या बाई निवृत्त मास्तरीण, वय बहात्तर, अकरा दिवस याच सपातांवर. संकल्प मोडून एकच सल्ला दिला: आजी, असल्या पायताणावर पोचायच्या नाहीत तुम्ही. त्या म्हणाल्या, आजी कुणाला म्हणतोस रे? आणि पुढे निघून गेल्या.

७.४०
पहिली चौकी. पहिला शिक्का. शिक्केवाला म्हणाला, काका, लंगडताय. म्हटलं, ही माझी चालण्याची ढब आहे.
बसलो नाही. टेकलो. टेकणं वेगळं.

८.५५
उजव्या टाचेला काहीतरी लागतंय. खडा असणार. बूट काढून झटकला. खडा नाही. म्हणजे बारीक खडा.

मुलीने विचारलं, चावतोय का? म्हटलं, बूट पायाची ओळख करून घेतोय. ती म्हणाली, ओळख फारच घसटीची झालेली दिसते, मोजा लाल झालाय. म्हटलं, मोजा लालच आहे. सकाळी तो पांढरा होता, हे तिच्या बरोबर लक्षात होतं. आईवर गेलीय.

१०.३०
तिच्या आईचाच, म्हणजे हिचा, फोन. पोचलात का? म्हटलं, जवळजवळ. किती राहिलं? म्हटलं, सकाळपेक्षा बरंच कमी. ही म्हणाली, तुमच्या हट्टाचा नंबर कुठला हो, तोही एकदा मोजून घ्या.
रेंज नसल्यासारखं केलं.

११.५०
दुसरी चौकी, दुसरा शिक्का. इथे एक नको ती भेट.

शेजारी एक उंच गृहस्थ अनवाणी उभे. बुटांच्या लेस एकमेकींना बांधून जोड गळ्यात अडकवलेला. ते हलले की बूट एकमेकांवर आपटत. टक, टक. हा तळ मी झोपेतही ओळखेन. आमचाच माल! मी दुसरीकडे बघायला लागलो, पण त्यांनीही मला ओळखलं. म्हणाले, तीन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात, दोन दिवसांत सैल होतील.
म्हटलं, मग?
म्हणाले, वाट बघतोय.

मुलगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. माझा पवित्रा ढळला नाही. गृहस्थांना सांगितलं, तुम्ही पुरेसं चालला नसाल. म्हणाले, अकरा दिवस चालतोय. म्हटलं, सलग चालायचं असतं, मधे झोपला असाल.

दुपारी १.००
या वेळी शहरात असायचं होतं. शहर दिसत नाही. नकाशे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

ताशी सहा किलोमीटर हा घोड्याचा वेग आहे. प्रौढ माणसाला अडीच शोभतो. संकल्पात तशी दुरुस्ती केली.

२.१५
वाटेत ओढा लागला. पाच मिनिटं पाय बुडवून बसतो. गार पाण्याने पाय आकसतो आणि बूट आपोआप सैल होतो. हे शास्त्र आहे. मुलगी म्हणाली, बाबा, बूट काढू नका, परत चढायचे नाहीत. तीस वर्षं बूट कुणी चढवले, असं तिला विचारलं.

३.०५
बूट चढत नाहीत.

पाय सुजलेले नाहीत. उन्हात ठेवल्यामुळे बूट लहान झालेत. मुलीने पिशवीतून आपल्या दुकानातली पाय मोजायची पट्टी काढली. यात्रेला असलं कोणी आणतं का? पण आणली होती. साडेनऊ भरले. म्हटलं, संध्याकाळी सगळ्यांचेच पाय वाढतात. ती म्हणाली, तीन वाजलेत, बाबा. आणि संध्याकाळी फार तर अर्धा नंबर वाढतो, हे तुम्हीच शिकवलंत मला.
नको तिथे हुशार.

३.४०
तिसऱ्या चौकीवर अनवाणी गेलो, बूट काखेत. शिक्का मिळाला. 'बूट घालून' या शब्दांचा अर्थ थोडा व्यापक घ्यायला हवा. वेशीतून आत शिरताना पायात असले म्हणजे झालं.

५.२०
शहर दिसलं! आधी तट, मग बुरूज, मग वेशीची उंच कमान. सगळे यात्रेकरू थांबले. मास्तरीणबाईंनी हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उंच गृहस्थांच्याही आलं. माझ्याही आलं. मी खडीवर उभा होतो.

५.३५
तटाच्या आडोशाला बूट चढवण्याचा प्रयोग. उंच गृहस्थ समोरून बूट रेटतायत, मास्तरीणबाई टाचेशी चमचा घालून चेपतायत आणि शाळेतल्यासारख्या ओरडतायत, अंगठा आत घे, आत! मुलीने मागून माझे खांदे धरलेत. म्हटलं, प्रतिस्पर्ध्याने मदत करणं नियमात बसत नाही. ती म्हणाली, कचेरी बंद होईल, बाबा, पाय द्या.
उजवा गेला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याला बुरुजावरची कबुतरं उडाली.
डावा जात नाही.

५.५७
लंगडी घालत वेशीतून आत. उजवा बूट पायात, डावा हातात. चौथा शिक्का! कचेरीतल्या कारकुनाने पायाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलीला समजावलं, आपल्या धंद्यात जोड मोजतात. एक पायात, एक हातात, जोड पुरा. ती भांडेल म्हणून पुढचे तीन मुद्दे तयार ठेवले होते. ती म्हणाली, शिक्के चारही मिळाले, बाबा. पैजेचं काय झालं ते तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल ते मला मान्य.

हा शुद्ध रडीचा डाव. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

संध्याकाळी ७.१०
उजवा बूट निघेना. यात्रेकरूंच्या दवाखान्यात नर्सने कात्रीने कापून काढला. पाय बघून म्हणाली, कुठल्या मेल्याने विकले हो हे तुम्हाला? मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.
म्हटलं, आठवत नाही.

११ फेब्रुवारी
बसने परत. दोन्ही पायांना बँडेज. रात्रभर विचार करून एक निर्णय घेतला आणि सकाळी मुलीला सांगितला. एक तारखेपासून गल्ला तिचा. पैजेशी याचा काडीचाही संबंध नाही. माणसाने योग्य वेळी नव्या पिढीला वाव द्यावा, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. (पहिल्यापासून म्हणजे सकाळपासून.)

घरी पोचल्यावर हिने विचारलं, मग तुम्ही काय करणार? म्हटलं, सल्लागार. ही म्हणाली, कुणाचा?

१ मार्च, सकाळी ९.१०
दुकान. नव्या पाटीवर मोठ्या अक्षरांत: चावला तर परत. खाली परत घेण्याचा स्वतंत्र विभाग. विभागप्रमुख मी. नेमणूक मुलीने केली. म्हणाली, बाबा, बहुतेक लोक तुम्हाला ओळखतातच.

कामाची वेळ साडेनऊ. म्हटलं होतं, माझ्या सोयीने येईन, मला कोणी वेळ घालून द्यायची नाही. वीस मिनिटं आधीच आलोय. कुलूप आहे. किल्ली आता तिच्याकडे असते. पायरीवर बसून लिहितोय.

समोर पंधरावीस माणसं जमलीत, प्रत्येकाच्या हातात खोकं. माझ्या काळात दुकान उघडायच्या आधी इतकी गर्दी कधी झाली नव्हती. त्यातल्या एकाने आत्ताच विचारलं, काय हो, दुकान कधी उघडतं?
म्हटलं, मालकीणबाई आल्या की.