शिवांजलीचं घट्ट पाणी

ती. मनुआक्कास, तासगावहून धाकट्या नानासोचा साष्टांग नमस्कार.

शिराळ्यात तुझे गुडघे आणि दाजींचा दमा ताब्यात असतील असं धरून चालतो. (तुझा आवाज ठणठणीत आहे, तो परवा फोनवर ऐकला.) "लेकराला साधं पाणी देत न्हाईसा, कसली रं माणसं तुमी?" म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून पत्र. यात तुला मधे बोलता येत नाही.

आपल्या रविराजची शिवांजली दीड वर्षाची झाली, तरी पाणी किंवा दूध प्यायली की ठसका लागून निळी पडायची. दोनदा न्यूमोनिया झाला. शेवटी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी गिळतानाचा एक्स-रे काढून दाखवला. पातळ घोट भलत्या वाटेनं श्वासनलिकेत जात होता. म्हणून आता ती जे पिईल ते पावडर घालून काकवीसारखं घट्ट करायचं. सूनबाई पल्लवी शाळेवर शिकवायला गेली की हे काम माझ्याकडे. फौजेत बंकरचं सिमेंट कालवलेला माणूस मी, म्हटलं यात काय अवघड! पहिल्याच वाटीत चमचा सावधान उभा राहिला. पल्लवीनं वाटी उलटी केली, पाणी जागचं हललं नाही. "आवं मामंजी, हे पाजायचं हाय का भिंतीला लावायचं?" (ढवळून थोडं थांबलं की ते आपोआप घट्ट होतं, हे मला निम्मा डबा संपल्यावर कळलं.) त्यात तुझ्या भावजयीनं, बनाबाईनं, तीच पावडर साखर समजून माझ्या चहात घातली. बशीत ओतायला गेलो तर चहा कपातच बसून राहिला. चमच्यानं खाल्ला.

मग शेजारची दगडाबाई पाण्याचा पेला घेऊन आली. "दोन घोटानं काय मरतंय व्हय लेकरू?" मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "व्हय, मरतंय." तिनं पेला गुमान खाली ठेवला.

आणि आक्का, काल शिवांजलीनं माझ्या हातची अख्खी वाटी एकही ठसका न लागता संपवली, वर रिकामी वाटी माझ्या टकलावर आपटली. बनाबाई पदरानं डोळे पुसत होती. मी वाटी पुसत होतो.

तेव्हा जावळाला येताना तुझी गुटी शिराळ्यातच ठेव. वयानं तू मोठी, पण पाजण्यात हुकूम माझा.

तुझा,
नानासो (सुभेदार, निवृत्त)

ता. क. बनाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, मला तिच्यापाशी थांबावं लागेल. जावळानंतर महिनाभर राहशील का? तुझ्याइतकं हट्टी माणूस दुसरं नाही. एकदा तुला पटलं, की शिवांजलीला चोरून पाणी पाजायची कुणाची छाती होणार नाही.

ता. क. दुसरा. पावडर कालवायला मी शिकवीन. (पल्लवी म्हणते, ती शिकवील.)