चार किलोचं प्रेशर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणूनच कदाचित आज लिहायला धीर होतोय. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्प्रे पेंटिंग सुरू केलं, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कारखान्यांचे सुटे भाग यायचे, ते हवेने साफ करून रंगवून द्यायचे. कॉम्प्रेसर स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून होता आणि तिथून रंगाच्या दोन्ही स्प्रे गनपर्यंत मी प्लास्टिकचा पाइप ओढला होता. दिंडोरी रोडच्या दुकानातला, द्राक्षवाले पाण्यासाठी नेतात तोच. एका दुपारीत लाइन तयार झाली म्हणून मी खुशीत होतो. आयटीआयमध्ये पाइप फिटिंग तुम्ही शिकवलंत, म्हणून पहिलं बोलावणं तुम्हालाच केलं.

तुम्ही चहाला हातही लावला नाही. पाइपावर नख वाजवून म्हणालात, "हे काय लावलंस? पाण्याचा पाइप फुटला तर गळतो. हवेचा फुटला तर तुकडे उडतात." बायकोसमोर बोललात, ते मला झोंबलं. "रविवारी मी आटे पाडायची डाय घेऊन येतो, सगळी लाइन लोखंडी करू. तोवर चार किलोच्या वर प्रेशर नेऊ नकोस." मी हो म्हटलं.

शनिवारची दुपार. पत्रा तापलाय. पाच वाजता कारखान्याची गाडी येणार आणि निम्मा माल अजून बाकी आहे. चारवर दोन्ही गन नीट चालत नाहीत, रंग थेंबाथेंबाने पडतो. मी प्रेशर सहावर नेतो, मग आठवर. कोपऱ्यातल्या जोडाजवळ बारीक फुसफुस होते, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. बायको दारात येते. "सर आलेत, आजच. मशीन बंद करा." तिच्या मागून तुम्ही डायची पिशवी घेऊन आत पाऊल टाकता आणि तुमच्या डोक्याशेजारीच पाइप फुटतो.

तुम्ही गालावर हात दाबून खाली बसला होतात, बोटांतून रक्त येत होतं. मेन स्विच बायकोने बंद केला. मी जागचा हललोही नव्हतो. रिक्षात तुमचं डोकं तिनेच धरलं. दवाखान्यात डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर टाके पडले. डोळा वाचला. शुद्धीत होतात, शांत होतात. मला जवळ बोलावून एवढंच विचारलंत, "प्रेशर किती होतं?"

"चार," मी म्हणालो.

"चारला फुटायला नको होता रे." तुम्ही टाक्यांवरची पट्टी चाचपलीत. "पण तू म्हणतोस म्हणजे चारच असणार. मीच चार सांगितलं होतं तुला. माझंच चुकलं."

पुढच्या रविवारी गालावर पट्टी असतानाच तुम्ही येऊन लोखंडी लाइन टाकून दिलीत. नंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी वर्गाला तो व्रण दाखवायचात म्हणे, "चार किलोला फुटला, आणि चारची परवानगी मीच दिली होती." तुमचे विद्यार्थी माझ्याकडे कामाला यायचे, तेच सांगायचे. मी विषय बदलायचो.

काटा आठवर होता, सर. बायकोलाही हे कधी सांगितलं नाही. तुमच्याकडे यायला कितीदा निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून परतलो, असं आत्ता इथे लिहून मी खोडलं. मी एकदाही निघालो नव्हतो.