छोटा कॅमेरा पल्लवीला

मी, श्रीमती सिंधुबाई रंगनाथ विधाते, वय बासष्ट, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे दुखतात, साखर वाढते, पण डोके जागेवर आहे. मला कोणी दम दिलेला नाही की भरीस घातलेले नाही. चिरंजीव दिनेश तर लिहूच नकोस म्हणत होता, तरी लिहिते आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

एक. इंदिरानगरचे राहते घर दिनेश आणि सून पल्लवी यांना बरोबरीने मिळावे. माझे दागिने निफाडला दिलेली मुलगी रोशनी हिला. तिने ते अंगावर घालावेत, लॉकरमध्ये कोंडू नयेत.

दोन. यजमान कै. रंगनाथ फोटो काढत आणि मी मागच्या खोलीत काळ्या पडद्याआड ते धुवत असे. रंगीत रोल लॅबला जात. फॉर्मचे, पासपोर्टचे काळे-पांढरे फोटो माझ्याकडे. निगेटिव्हमध्ये माणसाचा चेहरा काळा आणि केस पांढरे दिसतात. दहावीच्या फॉर्मसाठी आलेली कितीतरी मुले मी आधी तशीच पाहिली. बाजारात मी माणसे ओळखायची, मला कोणी ओळखत नसे. दीर जयराम चारचौघांत म्हणत, "वहिनींचं काय, फोटो धुणं आणि भांडी धुणं सारखंच." तरी फोटो मोठा करायचा एन्लार्जर, ट्रे आणि लाल दिवा हे सामान जयरामभाऊजींनाच द्यावे. त्यांनी एक तरी फोटो धुऊन बघावा.

तीन. सन २००३ मध्ये दुकानात डिजिटल आले. यजमान म्हणाले, "सिंधू, सुटलीस बघ. आता आराम कर." मला सुटल्यासारखे वाटले नाही. हातातले काम गेले की माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. त्यांनी सुरुवातीला आणलेला चांदीच्या रंगाचा छोटा डिजिटल कॅमेरा लग्नाच्या कामाला कमी पडला, म्हणून कपाटात पडून होता. तो मी न विचारता घेतला.

पहिला फोटो काढला ठमाबाईंचा. त्या मळ्यातली शेवंती घेऊन आमच्या गल्लीत येतात. पुरुषासमोर लाजत, म्हणून कधी फोटोला बसल्या नव्हत्या. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्यांना त्यांचा चेहरा दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं बाई, ही तं माझी आय दिसती! मरून लय वर्सं झाली तिला." आम्ही दोघी डोक्याला डोके लावून त्या एवढ्याशा चित्राकडे बघत उभ्या होतो. तोपर्यंत मी फोटो एकटीनेच पाहिले होते. तेव्हापासून हा कॅमेरा मला दुकानातल्या सगळ्या सामानापेक्षा लाडका आहे. पुढे मळ्यांतल्या बायका बारशाला, डोहाळजेवणाला मलाच बोलावू लागल्या.

चार. आता दिनेश लग्ने काढायला जातो आणि पल्लवी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर अल्बम जुळवते. खोली तीच आहे. उजेड नको म्हणून पडदाही तोच. नवरीच्या मेंदीतली अक्षरे तिला पाठ असतात, पण ती नवरी दारात आली तरी पल्लवीला ओळखत नाही. मला हे बघवत नाही. मी विषय काढला तेव्हा दिनेश म्हणाला, "आई, लग्नात कॅमेरा घेऊन फिरणारी सून कुठं बघितलीस का?" मी म्हटले, "नाही बघितली. तू बघशील." दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता पल्लवीने हळूच विचारले, "आई, फ्लॅश नेमका कधी लावायचा असतो?"

पाच. म्हणून छोटा कॅमेरा पल्लवीला. दुकानाचा गाळा माझ्या पाटल्या मोडून घेतला आणि माझ्या नावावर आहे. तो एकट्या पल्लवीला. कॉम्प्युटर, खुर्चीसकट, दिनेशला. दिनेश, हे रागाने लिहिलेले नाही. वडिलांमागे दुकान तूच तगवलेस, त्याचा मला अभिमान आहे. दोघे मिळून चालवा. मात्र एका लग्नाला तू जा, दुसऱ्याला तिला जाऊ दे. पडदा काढून त्याची पायपुसणी करावीत.

सहा. नोंदणीसाठी या कागदावर माझा फोटो लागतो. "मी काढतो," म्हणून दिनेश उठला होता. मी त्याला बसवले आणि कॅमेरा पल्लवीच्या हातात दिला. दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात, येणारे-जाणारे बघत असताना तिने फोटो काढला. पहिला हलला. दुसरा इथे चिकटवला आहे. त्यात मी हसते आहे, ते मृत्युपत्राला शोभत नाही असे वकिलांचे मत पडले. तरी हाच राहावा. पल्लवीला मिळकत मिळते, म्हणून साक्षीदारांत तिचे नाव चालत नाही. फोटोखाली चालेल का, असे मी विचारले. वकिलांनी पुस्तक चाळले. तशी मनाई कुठे सापडली नाही.

ठिकाण : नाशिक
दिनांक : २२ फेब्रुवारी २००८

लिहून ठेवणार : सिंधुबाई रंगनाथ विधाते (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. चिमाजी गोटीराम मौले, शेजारी (सही)
२. ठमाबाई दत्तू खैरे (डाव्या हाताचा अंगठा)

फोटो काढणार : पल्लवी दिनेश विधाते