पाहुण्यांच्या गाद्या आणि पंधरा वॉट

२४ जाने., शनि.
कोर्टाला सुट्टी. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, देवळात गेल्या तेवढ्यात माडीवर गिटारचा ॲम्प लावला. पंधरा वॉट म्हणजे नावालाच, पण आवाज अर्ध्याच्या वर नेल्याशिवाय त्याला कंठ फुटत नाही. अर्ध्यावर नेला आणि आत्याबाई परत येऊन दारात. भिंत धरून खाली बसल्या. मोठ्या आवाजानं त्यांना चक्कर येते, हे चार वर्षं सून असून मला माहीत नाही असं थोडंच आहे? लाज वाटली. रागही आला. कुणाचा, ते लिहीत नाही.
कॉलेजातला नितीन पुण्यात गाणी करतोय. दोन गाण्यांतली गिटार त्याला ८ तारखेपर्यंत माझ्याकडून रेकॉर्ड करून हवी. "मोबाइलवरचा नकली आवाज नको, खरा ॲम्प पाहिजे. जमत नसेल तर सांग, दुसरा बघतो." बरी सांगेन!

२५ जाने., रवि.
युक्ती सापडली. स्पीकरचं खोकं वेगळं काढून पाहुण्यांच्या गाद्यांच्या थप्पीत पुरलं. समोर माइक, लांब वायर. मी पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून. नवऱ्याला, प्रशांतला, खाली उभं केलं. नवरोबा म्हणाले, "कायच ऐकू येऊन न्हाई राह्यलं. वाजवून राह्यलीस ना नक्की?"
पण रेकॉर्ड झालं ते गादीत तोंड खुपसून बोलल्यासारखं. फुकट.

२८ जाने., बुध.
दिवसभर साक्षीदारांच्या जबान्या टाइप केल्या, डोक्यात गाद्या. एक, स्पीकरसमोर हातभर पोकळी हवी. दोन, गाद्या जुन्या, कापसाचे गोळे झालेत. मोकळा कापूस आवाज गिळेल.
रहीमचाचा पिंजाऱ्यांना फोन केला. "बेटी, एकदम सात गाद्या? मेहमानां आ रैं क्या?"
हो म्हणून टाकलं. कोण समजावत बसणार!

१ फेब्रु., रवि.
चाचा अंगणात सगळ्या पिंजून, भरून, शिवून गेले. आत्याबाई ओट्यावर बसून बघत होत्या. दुपारी मधे पोकळी ठेवून थप्पी रचली, वरून चादर.
आणि आवाज! खरा, भरलेला, कडक. खाली चिडीचूप. माडीवर एकटीच नाचले. पहिलं गाणं अर्धं झालं.

३ फेब्रु., मंगळ.
घोळ झाला. आत्याबाईंनी तीर्थपुरीच्या दोन्ही बहिणींना लेकरं-नातवंडं धरून बोलावलं! सात जण. गुरुवारी येणार, सोमवारी जाणार.
"तू न सांगता गाद्या पिंजून घेतल्या, मंग मला समजाया नको, पाव्हण्यांसाठीच म्हणून? तुझे सासरे गेल्यापासून माझ्या माहेरचं कुणी हितं मुक्कामाला न्हाई आलं." बोलता बोलता डोळे भरले त्यांचे.
"बरं केलंत" म्हणाले. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

४ फेब्रु., बुध.
प्रशांत म्हणतो, "सांगून टाक ना खरं." मग तूच सांग म्हटलं तर मोबाइलात तोंड घातलं. जालन्याच्या ऑफिसात बियाणं विकताना बरी जीभ चालते.
संध्याकाळी घाईघाईत बसले. पहिलं गाणं पुरं झालं. दुसऱ्याला बोटं ऐकेनात.

६ फेब्रु., शुक्र.
घर भरलंय. गाद्या खाली, त्यांच्यावर माणसं. थोरली मावशी लोळत म्हणाली, "अक्का, असल्या मऊ गाद्या तर आमच्या लग्नात न्हाई भेटल्या."
"माझ्या सुनंनं केलं सगळं," आत्याबाई म्हणाल्या.
मी पोळ्या लाटत होते. वर बघवेना. चार वर्षांत त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मी मनात दिवस मोजतेय, ही माणसं कधी जातील म्हणून. अशी कशी मी?

८ फेब्रु., रवि.
पहिलं गाणं पाठवलं. नितीनचं उत्तर लगेच: "हाच आवाज पाहिजे होता! दुसरं बुधवार सकाळपर्यंत दे. त्यापुढं नाही थांबता येणार."
आनंदानं तीनदा वाचलं. उद्या जातील. उद्या संध्याकाळी करते.

९ फेब्रु., सोम.
मावश्यांनी पिशव्या भरल्या, आत्याबाईंनी रिकाम्या केल्या. "उद्या जा गं. एवढी काय जल्दी?"
दातओठ खात चहा केला. साखर टाकायची राहिली.

१० फेब्रु., मंगळ.
पाहुणे सकाळच्या बसनं गेले. आज साहेबांनी उशिरा सोडलं, धावतच घरी आले. आत्याबाई एकट्याच गाद्या माडीवर चढवत होत्या. चार वर नेलेल्या, पाचवी हातात, धाप लागलेली.
"राहू द्या, मी नेते."
त्यांनी सोडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तशाच रचू का मंग? मधात हातभर जागा ठिवून?"
म्हणजे यांना कधी कळलं? बहिणींना फोन करायच्या आधी की नंतर? आधी कळलं असेल तर मुद्दामच बोलावलं त्यांना. नंतर कळलं असेल तर त्याहून वाईट, बहिणींपुढं माझं कौतुक केल्यावर कळलं. बोलण्यात राग नव्हता. हसूही नव्हतं.
"चहा ठेवते" म्हणून खाली पळून आले. भित्री कुठली. चहा उकळतोय, ओट्याला टेकून हे लिहितेय. सकाळपर्यंत दुसरं गाणं पाठवायचंय. वर गाद्या ओढल्याचा आवाज येतोय. कशा रचतायत, ते इथून कळत नाही.