दान नाही, उसनं

नाही, शांतिलाल, ‘दान’ लिहायचं नाही! रेवजीभाऊ, खोडा तो शब्द. आणि मी बोलते तसंच उतरवा. मध्ये कचेरीतलं मराठी घालू नका.

मी हुलासबाई, कै. पारसमल यांची पत्नी, वय एकोणपन्नास, राहणार खापर. डोकं ठिकाणावर आहे. नसतं तर हा पुतण्या शांतिलाल एवढा भांडलाच नसता. कुणाच्या दबावाखाली नाही, उलट दबाव झुगारून हे मृत्युपत्र लिहवते ते असं:

एक. माझ्या नावचं घर आणि दुकानाचा माळा शांतिलालचा.

दोन. पितळी परात नणंद बदामबाईची. अकरा वर्षांपूर्वी तिनं ती हातउसनी नेली. मला बघून लपवते. आता लपवू नये.

तीन. गोठ्यातल्या सात म्हशी दिवलीबाईच्या. ह्यांनी जाताना गोठा माझ्या नावावर केला, म्हणून बोलते. शांतिलालची आई बाळंतपणात गेली तेव्हा हा तीन दिवसांचा. डोंगरपायथ्याची दिवलीबाई दुभती म्हैस घेऊन दारात आली. म्हणाली, “उसनी शे, बाई.” मी मारवाडातून नवीन आलेली, मला ऐकू आलं ‘उष्टी’. म्हटलं, उष्टं आमच्यात चालत नाही. ती हसून हसून खाली बसली. “उष्टी नहीं, उसनी! पोऱ्या मोठा व्हयना की परत धाडजो.”

पोऱ्या मोठा झाला. तिच्या नवऱ्याकडे, वाहरूकडे, आमच्या दुकानाची बियाण्याची उधारी होती. ह्यांनी वहीत लिहिलं, ‘म्हैस कर्जापोटी जमा’. मी त्याच म्हशीचं दूध काढत राहिले. एकदा बाजारात तिनं विचारलं, “मन्ही म्हैस कशी शे?” मी तिच्या हातावर गूळ ठेवला आणि हसले. ते हसूही उसनंच. तेव्हापासून ती आमच्या ओट्यावर चढत नाही.

शांतिलाल म्हणतो, “काकी, एकीच्या बदली एक द्या. उसन्याला व्याज नसतं.”

नसतं रे. पण पारड्या व्याजातून जन्मल्या का? त्याच म्हशीच्या लेकी, नाती, पणत्या आहेत.

“तुपाचा धंदा बसेल!”

तीस वर्षं तूप विकलं, तेवढं पुरे. दुकान आहे, हातपाय आहेत.

रेवजीभाऊ, थांबा. मृत्युपत्रात आपलं असेल तेच लिहितात ना? मग तिसरं कलमच काढा. आणि मी मेल्यावर पोचतं करायला हे काही तेराव्याचं जेवण नाही. ती जिवंत आहे, मीही.

उरलेल्या दोन कलमांवर सही केली.

साक्षीदार: उखा दौलत पाटील, फुलवंताबाई (शेजारीण).
लिहिणार: रेवजी.
मुक्काम खापर, जिल्हा पश्चिम खानदेश. ता. ११ फेब्रुवारी १९३९.

फुलवंताबाई, पुढची दावण सोडा, मागची मी सोडते. ऊन चढायच्या आत पायथा गाठायचाय. शांतिलाल, बाजूला हो, म्हैस पाय देईल. हुर्र, चल गं!